रफूत गाठ नसते

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरला तो दादा, त्याच्या पाठची ही, आणि हिच्या पाठीवर कोणी झालंच नाही. मग बढती मिळणार तरी कुठून? केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच. तिलाही त्याचं काही वाटत नसे. "मोठं होऊन कोणाचं भलं झालंय?" म्हणायची आणि सुई ओवायला लागायची.

लॉन्ड्रीच्या डोक्यावर दोन खोल्या, त्यात ती आणि तिची आई. खालून दिवसभर वाफ आणि साबणाचा वास वर येई. खिडकीशी टेबल, टेबलावर सुया, कातरी, भिंग. धंदा रफूचा. सिगारेटने जळलेला कोट, कसर लागलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पॅंट असं काही खाली आलं की तिथला इस्त्रीवाला काका ते वर आणून देई. धाकटी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे काढी आणि भोकावर सुईने विणत बसे, एक वर, एक खाली. झालं की कपडा उलटा करून उजेडावर धरायचा. "सुलट बाजू कोणीही सजवील, खरं काय ते उलट बाजूला कळतं," हे तिच्या आईचं म्हणणं.

आईच तिची गुरू. आता गुरू म्हटलं की लोकांना काहीतरी शांत, प्रसन्न असं डोळ्यांपुढे येतं. ही बाई म्हणजे निव्वळ छळ होती. धाकटी पोरवयात टेबलाशी बसली की मागे उभी राहायची आणि मानेवर श्वास टाकायची. आणि तिचा सगळा राग गाठीवर. रफूत गाठ मारत नाहीत. दोऱ्याचं टोक मोकळं सोडायचं, प्रत्येक वळणावर थोडी ढील ठेवायची. कपडा धुतला की आटतो, अंगावर ताणला की सैलावतो, त्याला हलायला जागा लागते. गाठ मारली की तिथे ओढ बसते आणि शेजारचं चांगलं कापड फाटतं. धाकटीने कंटाळून कधी चोरून गाठ मारलीच, तर आई नुसतं बोट फिरवून ओळखायची. "गाठ मारलीस? कापडाला फाशी द्यायचीय का तुला?" मग सगळं उसवा आणि पहिल्यापासून या.

अशा हाताखाली जन्म गेल्यावर माणसाच्या स्वप्नातसुद्धा कपडेच येणार. धाकटीच्याही येत. एकदा असंच झालं. दुपारची झोप होती. दुपारी खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येई, बारीक काम दिसत नसे, म्हणून जेवण झालं की ती दोन तास आडवी व्हायची. तर स्वप्नात ती एक राखाडी कोट रफू करत होती. संपलं म्हणून सवयीने उलटा केला, तर उलट बाजूच नाही! पुन्हा सुलटच. पुन्हा फिरवला, पुन्हा सुलट. धाकटी स्वप्नातल्या स्वप्नात उठून उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे मी झोपलेय."

त्या दिवसापासून तिला किल्लीच सापडली. स्वप्नात काही दिसलं की हाताशी असेल तो कपडा उलटा करून बघायचा. उलट बाजू नसली की समजायचं, आपलंच राज्य. मग काय, मजाच मजा! ती लॉन्ड्रीच्या छपरावरून उडाली. एका उद्धट गिऱ्हाइकाला तिने त्याच्याच कोटात गुंडाळून खुंटीला टांगलं. दादाला तर इतक्या वेळा आणि इतकं सुनावलं की जागेपणी त्याच्याशी बोलताना तिचा आवाज आपोआप गोड यायला लागला. वहिनी म्हणाली, "हल्ली तुमची धाकटी किती समजूतदार झालीय!"

पुढे आईला अर्धांगाचा झटका आला आणि सगळी मजा संपली.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात धड होता, पण तोही नुसता शालीवर पडलेला असायचा. डोळे बहुतेक मिटलेले. धाकटीने चमचा ओठाशी नेऊन "आई, आ कर" म्हटलं की थोड्या वेळाने तोंड उघडायचं, पातळसं काही गिळलं जायचं, पुन्हा मिटायचं. धाकटीने आईचा पलंग आपल्या पलंगाशेजारी ओढून घेतला. पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं, सगळं तिच्याच अंगावर, आणि मधल्या वेळात रफू. दादा रविवारी फळं घेऊन यायचा, आईच्या कानाशी जाऊन मोठ्याने "ओळखलंस का?" विचारायचा आणि स्वतःच म्हणायचा, "ओळखलं, ओळखलं, बघ कशी बघते!" डॉक्टर एवढंच म्हणाले, "आत किती समजतंय ते सांगता येत नाही."

धाकटीला हेच खात होतं. आत आई आहे का? की आपण रोज एका रिकाम्या कोटाला घास भरवतोय? आयुष्यभर जी बाई मानेवर श्वास टाकत उभी होती, ती आता समोर असून नव्हती. धाकटीला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. आईने शिव्या जरी दिल्या असत्या तरी धाकटी नाचली असती.

तिने स्वप्नात शोधून पाहिलं. आईला समोर बसवणं सोपं होतं. आई बसायची, बोलायची, चिडायचीसुद्धा. पण थोडं ऐकलं की धाकटीच्या लक्षात यायचं, हे तर माझंच बोलणं, माझ्याच डोक्यातलं. एकदा तिने आईच्या खांद्यावरची शाल उचलून बघितली. उलट बाजू नव्हती. मग तिने त्या आईला पुन्हा बोलावलं नाही.

याच सुमाराला इस्त्रीवाल्या काकाने एक गोष्ट सांगितली. काका बोलायला लागला की इस्त्री तापून लाल होईपर्यंत बोलणार, त्यामुळे धाकटी अर्ध्या कानाने ऐकत असे. पण ही गोष्ट तिने पूर्ण ऐकली. तरुणपणी त्याला ताप भरला होता, तेव्हा तो म्हणे स्वतःच्या अंगातून निघून छताशी जाऊन लागला आणि तिथून स्वतःला बघत राहिला.

"स्वप्न असेल, काका."

"स्वप्नात मी राजा असतो. तिथे मी खाटेवर पडलो होतो आणि माझा मोजा फाटका होता. स्वप्नात कोणी फाटका मोजा बघतं का?"

"पण निघालात कसे?"

"आधी स्वप्नच पडत होतं. नदी होती. मला कळत होतं हे खोटं आहे. मी डोळे मिटले आणि नुसती आपली पाठ आठवली. गादीला टेकलेली पाठ. मग अंगात एक घरघर सुरू झाली आणि मी चादरीखालून निसटावं तसा कुशीवरून बाहेर." त्याने कॉलरवर पाणी शिंपडलं. "पुन्हा काही गेलो नाही बाबा. आपल्याला आपण पडलेलं बघणं बरं नाही."

धाकटीने दुसऱ्याच दुपारी करून पाहिलं. जमलं नाही. स्वप्नात डोळे मिटले की जाग यायची, नाहीतर दुसरं स्वप्न लागायचं. पण रफूवालीला चिकाटी शिकवायची गरज नसते. कितीतरी दुपारी गेल्या, आणि एकदा ती स्वप्नातल्या कोटांच्या रांगांमध्ये उभी असताना, तिने कोटाची बाही उलटली, खोटं आहे म्हणून खात्री केली, डोळे मिटले आणि पाठ आठवली. गादीतली ती खळगी, डाव्या बाजूला टोचणारी शिवण. अंगात शिलाई मशीन सुरू झाल्यासारखी घरघर आली. "आता मेले," असं तिला स्पष्ट वाटलं. तरीही ती कुशीवर वळली, आणि वळतच राहिली, आणि पलंगाच्या बाजूला उभी राहिली.

तीच खोली. दुपारचं ऊन भिंतीवर. पलंगावर एक बाई तोंड उघडं टाकून झोपलेली, टाचांना भेगा.

"शी! अशी झोपते मी?" धाकटीला पहिला विचार हाच आला.

मग तिने चादरीची कड पाहिली. कड पलंगावरून लोंबत होती. हाताला काही पकडता येत नव्हतं, म्हणून तिने वाकून खालून पाहिलं. उलट बाजू होती! फिकट, दोऱ्यांची टोकं निघालेली, आणि कोपऱ्यात लॉन्ड्रीच्या खुणेचा एक लाल दोरा. हे स्वप्न नव्हतं.

"काय गं," मागून आवाज आला, "इतके दिवस लागले तुला?"

आई खिडकीशी उभी होती. दोन्ही पायांवर, सरळ, हाताची घडी घालून. तिच्या छातीतून एक बारीक दोरा निघाला होता आणि पलंगावरच्या अंगापर्यंत गेला होता. तसाच एक धाकटीलाही होता, पण जाड, चांगला पिळाचा. आईचा दोरा जुन्या रेशमासारखा, उजेडात दिसे न दिसे असा.

धाकटी रडायला लागली. आई म्हणाली, "पुरे. नाक पुसायला तुला इथे रुमाल नाही."

ही तिचीच आई होती. धाकटीने स्वतःहून हे वाक्य कधीच रचलं नसतं.

जागी झाल्यावर तिने आधी चादरीची कड उलटली. लाल दोरा होता. ती तशीच चादर हातात धरून बसून राहिली, खालून काका हाका मारत होता तरी.

त्यानंतरच्या दुपारी म्हणजे धाकटीच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे तास होते, हे सांगूनच टाकतो. सकाळभर ती गुणगुणत काम करायची, जेवण घाईघाईने उरकायची आणि लहान पोर खेळायला पळतं तशी झोपायला पळायची. मायलेकी खिडकीशी उभ्या राहून खालची गल्ली बघत. आई प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांवर ताशेरे ओढी. टेबलावरच्या कामावर वाकून चुका काढी. "हे वळण बघ. ढील कुठेय? म्हातारी झालीस, अजून हात आखडतो."

एकदा धाकटीने विचारलं, "तू सगळा वेळ अशीच बाहेर असतेस?"

"बहुतेक."

"मग मी भरवते तेव्हा?"

"तेव्हा येते. तू चमचा घेऊन बसतेस ना, आई आ कर, आई आ कर. यावं लागतं." आईने पलंगाकडे पाहून तोंड वाकडं केलं. "ओला कोट अंगात घालायचा म्हणजे कसं वाटेल? तसं वाटतं. जड, गार, आणि बाह्या सापडत नाहीत."



पुढे पुढे आई खिडकीशी थांबेना. "जाऊन येते जरा," म्हणून दारातून निघायची, जिन्याने खाली, गल्लीच्या टोकापर्यंत. मग टोकाच्याही पलीकडे. धाकटी तिच्या मागे जायला बघे, पण जिन्याच्या पायऱ्यांवरच तिचा स्वतःचा जाड दोरा ताणला जाई आणि ती खाडकन पलंगावर जागी होई. आईचा दोरा मात्र सुटतच जायचा, लांब, लांब, आणि जितका लांब तितका बारीक.

"तिकडे आहे तरी काय?" धाकटीने विचारलं.

"ऊन चांगलं आहे," आई म्हणाली, आणि एवढंच सांगून समाधानाने हसली. आईला असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी आई आली नाही. धाकटी वाट बघून बघून जागी झाली, पातळ भाजी गरम केली, चमचा घेऊन बसली. "आई, आ कर." तोंड मिटलेलं. "आई, आ कर ना." छाती हलत होती की नव्हती कळेना. तिने खांदे हलवले, गालावर मारलं, ओरडली, "आई, ये! आधी ये म्हणते ना!" शेवटी बुडणारं माणूस वर येतं तसा मोठा श्वास आत गेला आणि तोंड उघडलं. धाकटीने तो चमचा भरवला नाहीच. आईच्या छातीवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. आईशिवाय या दोन खोल्यांत आपण काय करायचं, कोणासाठी उठायचं, हे तिला सुचेना. भाजी गार झाली.

दुसऱ्या दुपारी ती निसटून उभी राहिली तेव्हा आई खिडकीशीच होती, पाठमोरी, बाहेर बघत. दारातून कधी येत नसे ते ऊन आज खोलीत आलं होतं. धाकटी पलंगाशी गेली. तिथल्या कुठल्याच वस्तूला तिचा हात लागत नसे, पण दोऱ्याला लागला. जन्मभर दोराच तर हाताळला होता. जिथे तो आईच्या अंगात शिरत होता, तिथे तिने तो आखडून घेतला, फेरा घातला, त्यातून दोऱ्याचा दुमडलेला भाग ओढला, आणि गाठ मारली. मग दुसरी, पहिलीवर.

खिडकीतली आई मागच्या मागे ओढली गेली. हात पसरून, काही धरायला मिळतं का बघत ती आली. पलंगावरच्या अंगात शिरण्याआधी तिने धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर धाकटीने सोसला असता. पण तिथे राग नव्हता. आई घाबरली होती.

"काय केलंस हे, धाकटे?"

संध्याकाळी आईचे डोळे उघडे होते, आणि ते मिटेनात. आणि डावा हात हलायला लागला होता. अंगठा आणि पहिलं बोट, छातीवर, काही नसलेल्या जागी. चिमटीत काहीतरी धरायचं, कुरतडायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. दिवसभर, रात्रभरसुद्धा.

रविवारी दादा आला आणि दारातच ओरडला, "अरे वा! हात हलवते!" त्याने वहिनीला फोन केला, डॉक्टरांना केला, खाली जाऊन लॉन्ड्रीवाल्याला सांगून आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "धाकटे, तुझ्या सेवेचं फळ हे. बघ, काही महिन्यांत बसती होईल." त्याने धाकटीला जवळ घेतलं. धाकटी लाकडासारखी उभी राहिली. वहिनी म्हणाली, "बोटांना व्यायाम देऊ या का? चेंडू आणू?" चेंडू आणला. आईच्या हातात दिला. हाताने तो टाकून दिला आणि पुन्हा छातीवर जाऊन कुरतडायला लागला.

सगळे त्या हाताकडे कौतुकाने बघत होते. ती हालचाल कशाची आहे हे त्या खोलीत फक्त धाकटीला माहीत होतं. आई गाठ सोडवत होती. हाताला गाठ लागत नव्हती आणि ती सोडवत होती.

धाकटी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आता सोडवायचं तर जायला हवं, आणि जायचं तर झोपायला. पण झोप येईल तर शपथ! कूस बदलली की शेजारून ते कुरतडणं ऐकू यायचं, नखाचा शालीवरचा आवाज. कधी डोळा लागलाच, स्वप्न पडलंच, उलट बाजू नाही म्हणून कळलंच, तरी पाठ आठवली की भीती वाटायची. आईच्या समोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? ती घरघर यायची आणि धाकटी स्वतःच दचकून जागी व्हायची. दिवसा तिला आपण जागे आहोत की झोपेत याचा भरवसा राहिला नाही. ती हातरुमाल उलटून बघायची, शर्टाची कॉलर उलटून बघायची, एकदा वहिनीच्या स्वेटरची बाही उलटून बघितली, तेव्हा वहिनीने दादाकडे डोळे मोठे करून पाहिलं.

आणि एक दिवस इस्त्रीवाला काका कोट घेऊन वर आला. 

"धाकटे, यात गाठ आहे."

"नसेल, काका."

"इस्त्रीखाली खडा लागल्यासारखी लागली. इतकी वर्षं तुमच्या घरचं रफू इस्त्री करतोय, तुझ्या आईचं आणि तुझं. कधी लागली नाही." त्याने कोट टेबलावर ठेवला आणि पलंगाकडे बघितलं. त्या हाताकडे बराच वेळ बघितलं. "हिला काय होतंय?"

"बरं वाटतंय म्हणे तिला," धाकटी म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. रडत रडत तिने सगळं सांगितलं, पाठ, दोरा, खिडकी, गाठ. काका हसेल, नाहीतर दादाला जाऊन सांगेल, असं तिला वाटलं. काका स्टुलावर बसला.

"ओढून ओढून घट्ट झाली असेल," तो म्हणाला.

"झाली असणारच. ती रोज ओढते."

"मग घट्ट गाठ कशी सोडवायची? हे मी सांगू तुला, इस्त्रीवाला? तुझ्या आईने शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. चुकून झालेली गाठ ओढायची नाही, ओढली की ती आणखी हट्टाला पेटते. दोरा उलट आत ढकलायचा, थोडा थोडा, तिची समजूत काढायची, मग ती आपणहून सैल पडते. आणि हात थरथरत असेल तर सुईला हात लावायचा नाही. आधी पाणी पी, म्हणायची आई.

काका खाली गेल्यावर धाकटी पाणी प्यायली. तिने त्या कोटातलं रफू उसवलं, गाठ काढली, पुन्हा विणलं, प्रत्येक वळणावर ढील देऊन. मग आईचं तोंड पुसलं, वेणी घातली, शाल बदलली. भरवलं नाही. चमचा हातात घेतला आणि परत ठेवला. त्या वेळी तिला काय वाटलं ते तिचं तिलाच माहीत. ती आईच्या कपाळाला ओठ टेकून म्हणाली, "येते मी," आणि शेजारी आडवी झाली.

स्वप्नात एक मोठी शाल होती, जमीनभर पसरलेली. तिने कोपरा उलटला. उलट बाजू नव्हती. डोळे मिटले. पाठ आठवली. घरघर आली तशी ती घाबरली, पण या वेळी घाबरतच वळली.

आई पलंगावर होती. अंगात घातलेल्या ओल्या कोटातून बघावं तशी आतून बघत होती. वरून हात कुरतडत होता. धाकटी पलंगाच्या कडेला बसली. गाठ नखाएवढी झाली होती, कडक. तिने ओढली नाही. आपल्या बोटांनी दोरा आत ढकलला, फिरवला, पुन्हा ढकलला. मध्येच आईचं बोट तिच्या बोटाजवळ आलं आणि थांबलं. म्हणजे आईने काम तिच्यावर सोपवलं होतं. वरची गाठ सुटली. खालची सुटायला फार वेळ लागला. धाकटी तिच्याशी बोलत होती की आईशी, तिलाच कळत नव्हतं. "चुकलं माझं. सूट आता. सूट बाई."

सुटली. दोरा ढिला पडला, आणि मधेच, जिथे गाठीने कापला गेला होता तिथे, तुटला. आईकडचं तुटलेलं टोक धाकटीच्या चिमटीत राहिलं.

आई उठून बसली. उभी राहिली. कंबर सरळ केली. तिने धाकटीच्या चिमटीकडे पाहिलं आणि नेहमीच्या स्वरात म्हणाली, "टोक मोकळं सोडायचं असतं. कितीदा सांगितलं तुला."

"एकटी राहीन मी, आई."

"राहशील." आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात लागला की नाही, सांगता येत नाही. "पण हात चांगला आहे तुझा. मी कधी बोलले नाही."

मग ती दाराकडे गेली. चिमटीतला दोरा ताणला गेला, बोटांना बोचला. आई दारात थांबली, वळली नाही, नुसती थांबली. धाकटीने चिमटी उघडली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. शेजारी काही आवाज नव्हता. आईचा डावा हात शालीवर पडला होता, तळवा वर, बोटं सैल.

दादा धावत आला. रडला, मग चिडला, कारण ज्याला आशा लागली होती त्याला कोणावर तरी चिडावंच लागतं. "इतकी सुधारत होती! हात हलवत होती! असं अचानक कसं? तू काय करत होतीस?"

"झोपले होते."

"झोपली होतीस?" त्याने वहिनीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "आई जात होती आणि तू शेजारी झोपली होतीस?"

इस्त्रीवाला काका दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडलं, पण धाकटीने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"हो, दादा," ती म्हणाली. "गाढ झोपले होते."

दादाने तिला याबद्दल कधी क्षमा केली नाही. दरवर्षी आईच्या श्राद्धाला आला की अजूनही एकदा ते बोलतो, आणि धाकटी ऐकून घेते. ती आता दुपारी झोपत नाही. दुपारी खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलं की काम बाजूला ठेवते आणि गल्लीच्या टोकाकडे बघत बसते.